तिच्या नळीतली माझी लाळ

क्रीडा वसतिगृहातला आमचा दिवस थुंकीने सुरू व्हायचा. चूळ भरायची नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. कापसाचा बोळा जिभेखाली दोन मिनिटं धरायचा आणि आपल्या नावाच्या नळीत टाकायचा. पळून अंगावर किती ताण चढला आणि झोपेत किती उतरला, हे म्हणे त्यावरून कळायचं. नळ्या नागपूरला जात आणि रिपोर्ट आला की कोण पळणार, कोण बसणार, ते आमचे कोच सर ठरवत. "तोंड खोटं बोलते, थुंकी नाही बोलत," हे त्यांचं लाडकं वाक्य. मला ते ऐकलं की डोक्यात जायचं.

मी मोहाडीच्या विणकराच्या घरची. माझ्या खोलीतली मैत्रीण तलावात मासे धरणाऱ्या घरची. पाच हजार मीटरला ती मला कायम मागे टाकायची आणि मी कायम जळायचे. राज्याच्या निवड चाचणीला दहा दिवस उरले होते. त्यात निवड झाली नाही तर घरचे तिचं लग्न लावून देणार होते. आणि नेमकी तिची नडगी ठणकायला लागली. घोटा मुरगळल्यामुळे मी पंधरा दिवस खाटेवरच होते.

"तुही लाळ दे ना वं," ती म्हणाली. "तू त आराम करून राहिली. मायी थकेलच दाखवन, अन् सर मले बसवतीन."

मी दिली. रोज दोन बोळे धरायचे, एक माझ्या नळीत, एक तिच्या. दयेपोटी नाही दिली. माझ्याजवळचं काहीतरी पहिल्यांदाच तिला हवं होतं, म्हणून मला बरं वाटलं.

तिचे रिपोर्ट झकास आले. सर खूश होऊन फेऱ्या वाढवत गेले. सातव्या दिवशी वळणावर तिची नडगी मोडली. तो आवाज मी कडेला बसून ऐकला.

महिन्याभराने तिच्या घरी गेले. पायाला प्लास्टर होतं. लग्न ठरलं होतं.

"बाई, रोज तपासत होते ना?" तिच्या आईने मला विचारलं. "मंग कोणालेच कसं नाही दिसलं?"

"मशीन बी चुकते, काकू."

मैत्रिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

निघताना काकूंनी उकडलेले शिंगाडे बांधून दिले. मी ते बसमध्ये सगळे खाल्ले.