बाटलीतलं खारं पाणी

रस्त्यावर ताज्या डांबराचा वास आला की मला ती बाटली आठवते. गुजरातेत मी ज्या तेलविहिरीवर कामाला होतो, ती म्हातारी झाली होती. तेल थोडं, पाणीच फार. विहीर बंद करायचं ठरलं तेव्हा तिचा नमुना मी उरणला घरी आणला. वर बोटभर काळं तेल, खाली पाणी. वडिलांचा जन्म मिठागरात गेलेला. मी नको म्हणेस्तोवर त्यांनी बाटली उलटी धरून बूच सैल केलं आणि पाण्याचा थेंब जिभेला लावला. “पानी चांगला हाय,” ते म्हणाले. “आपल्या मिठागरावर भराव पडला, न्हाय तं मीठ पिकवून दाखवला असता.” तेलाच्या कामात मी पुढे बरीच वर्षं काढली, पण त्या पाण्याला चांगलं म्हणणारा दुसरा कुणी भेटला नाही.