लाकडी फरशीवर एक बादली पाणी

“हे अस्सल सागवान,” असं म्हणून मी जो तुकडा सुभेदारांच्या हातात दिला, तो लॅमिनेटचा होता. बॅगेत सगळी सॅम्पल एकत्र, चष्मा डोक्यावर. सुभेदारांनी तुकडा उलटा केला, कड नखानं खरवडली.

“ह्याच्या पोटात तर पुठ्ठा हाय की वो!”

मी सांगलीत इंटिरिअरची कामं घेतो, त्यात लाकडी फ्लोअरिंगही. पन्नाशीनंतर गुडघे टेकायची कामं कमी करावीत म्हणतात. माझी वाढलीत.

सुभेदार सैन्यातून रिटायर होऊन कराडजवळ ऊस करतात. घर नवं, हॉलला आरशासारखं ग्रॅनाइट. आणि त्यांच्या पत्नीला, आक्कांना, संधिवात. गार दगडावर पाय टेकला की कळ थेट मस्तकात. डॉक्टर म्हणाले, घरात चप्पल घाला. पण देवघर हॉलमध्येच. देवासमोर चप्पल कशी घालायची? आक्का दिवसभर कॉटवर बसून राहायच्या, आरतीसुद्धा बसूनच. शेवटी पुण्यातल्या मुलानं, अभिजितनं, ठरवलं की हॉलला लाकूड घालू.

कुठलं लाकूड, यावरच माझ्या कितीतरी सांगली-कराड खेपा झाल्या. सुभेदारांना सागवान हवं. सॉलिड वूड, म्हणजे आरपार एकच लाकूड. दिसायला राजबिंडं, पुन्हा पुन्हा घासून पॉलिश करता येतं. पण पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि खाली पट्ट्या ठोकाव्या लागत असल्यानं जमीन उंच होते. सगळी दारं खालून कापायची.

“दारं कापायची न्हाईत,” सुभेदार म्हणाले. विषय संपला.

बांबूचं सॅम्पल काढलं. बांबू खरं तर गवताच्या जातीचा, असं मी उगीचच ज्ञान दिलं. “गवतावर चालायला रान हाय की माझं!” तोही संपला. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या भुश्शावर चिकटवलेला लाकडाचा फोटो. त्याची अब्रू मी आधीच घालवली होती.

राहिलं इंजिनिअर्ड वूड. खाली प्लायवूडचे थर, वर खऱ्या ओकचा पातळ थर. हवा बदलली तरी फारसं हलत नाही, जमीनही फारशी उंच होत नाही. ग्रॅनाइटवर फोम अंथरायचा आणि पट्ट्या एकमेकींत अडकवत जायच्या. अभिजितनं फोनवर “डन” म्हटलं. आक्कांना कोणीच काही विचारलं नाही. मीही नाही.

काम झालं. “घ्या आक्का, लाकडी फरशी तयार. बिनधास्त वापरा,” असं म्हणून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुभेदारांचा फोन. “लवकर या. फरशीला पोटफुगी झालीया.”

देवघराच्या भिंतीलगतच्या पट्ट्यांच्या कडा वर आल्या होत्या. माझे कारागीर हॉलभर बूट घालून फिरलेले. मग आक्कांनी आदल्या संध्याकाळी अनवाणी उभं राहून आरती केली, आणि सकाळी उठून, देवापुढं बुटांची घाण नको म्हणून, बादलीभर पाणी ओतून देवासमोरचा भाग खराट्यानं धुऊन काढला.

“अहो आक्का, पाणी कशाला ओतलं?” मी विचारलं.

“तुमी काय म्हणालासा? फरशी. मग फरशी धुवायची न्हाई तर काय ववाळायची?”

फोनच्या स्पीकरवर अभिजित होता. “काका, उखडून टाका सगळं. आईची सवय जाणार नाही. आई, तू चप्पल घालायला शीक आता.”

आक्का आपल्या पावलांकडे बघत म्हणाल्या, “काल मी उभ्यानं आरती केली रं.”

मी मान खाली घालून बसलो, तर समोर देवघरातला पाट दिसला.

“आक्का, हा पाट कशानं पुसता?”

“फडक्यानं. घट्ट पिळून.”

“बादलीनं धूत नाही?”

“पाट कोण बादलीनं धुतं? फुगंल की त्यो!”

“मग ही फरशी नाही. हा पाटच आहे. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.”

आक्का चटकन पाय उचलून कॉटवर चढल्या. “आन् पाटावर चालायचं व्हय?”

सुभेदारच पुढं आले. “लग्नात पाटावरच हुबी हुतीस की माझ्याम्होरं. तवा काय बिघडलं?”

“काय बिघडलं ते बगतीया की अजून,” आक्का म्हणाल्या, आणि खाली उतरल्या.

अभिजितला “बघू” म्हणावं लागलं. पंखे लावून खालचा फोम वाळवला, भिंतीकडच्या पट्ट्या बदलल्या. आता आक्का हॉलभर अनवाणी फिरतात आणि येणाऱ्याला दारातच दम देतात, “पाय पुसून या. पाट हाय.”

घरी येऊन पाठीला शेक घेत मी हे सगळं बायकोला सांगितलं. लाकडाच्या जाती समजावण्यापेक्षा पहिल्याच दिवशी फरशी कशी पुसता एवढं विचारायला हवं होतं, असा धडाही काढला.

ती पोळ्या लाटत म्हणाली, “तुम्हाला कसं सुचणार? आपली फरशी आपोआप पुसली जाते, असंच वाटतं तुम्हाला. उद्यापासून फडकं तुमच्याकडे. तेवढाच धंद्याचा अभ्यास.”