खिडकीची जागा

जळोचीतले माझे शेजारी आणि चुलतभाऊ तात्या यांनी त्यांच्या घराच्या, माझ्या शेताकडील भिंतीत खिडकी पाडण्यासाठी माझी लेखी संमती मागितली आहे. तो अर्ज वाचताना हिवाळ्यातली माथेरानची छोटी गाडी आठवली. चाके वळणावर कुरकुरत होती, दरीत धुके साचले होते. पत्नीसाठी मी राखलेल्या खिडकीशी तात्या बसले.

"वयनी, तुमी दरीत काय बघणार? जन्मभर ऊसच बघितलाय न्हवं!"

ती हसली आणि त्यांच्या खांद्याआडून दिसेल तेवढाच डोंगर पाहत राहिली. मी गप्प बसलो, हा माझा अपराध. ती आज हयात नाही.

उत्तर रजिस्टर टपालाने धाडले: "संमती नाकारण्यात येत आहे. पलीकडे केवळ ऊस असून, तो आपण जन्मभर पाहिलेला आहे."