गहाण पडलेला ग्राइंडर

इडलीच्या आंबलेल्या पिठाचा वास आला की मला आजही मळमळतं. तारनाक्याला आई घरोघरी इडलीचं पीठ विकायची. बाबांच्या ऑपरेशनसाठी तिने चर्चमधल्या एका काकांकडून पैसे उसने घेतले. "बांधवाकडून व्याज घेणं पाप आहे," असं म्हणून त्यांनी व्याज घेतलं नाही. पैसे फिटेपर्यंत आईचा ग्राइंडर तेवढा उचलून नेला. पुढच्या रविवारी तेच काका चर्चमध्ये उभे राहून घसा फोडून सांगत होते, "शास्त्र म्हणतं, कुणाचं जातं गहाण घेऊ नका, तो त्याचा जीवच गहाण घेणं आहे!" आई मान खाली घालून बसली होती. उपासनेनंतर त्यांच्याच घरी सगळ्यांना नाश्ता होता. इडल्या वाढताना काकू आईला म्हणाल्या, "अक्का, तुमचा ग्राइंडर एकदम मस्त आहे हो, पीठ कसं लोण्यासारखं येतं!" मग काकांनी डोळे मिटून अन्नासाठी देवाचे आभार मानले. त्या माणसाची किळस आता थोडी ओसरलीय. पण त्या प्रार्थनेवर सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' म्हणाली ती आई, आणि ते मला अजून गिळता येत नाही.