स्क्रीनवरची बॅग

परवा भाच्यानं नवा कॉम्प्युटर लावून दिला, तर मी आधी स्क्रीनवर बॅगच शोधली. जुन्या कॉम्प्युटरवर ‘माय ब्रीफकेस’ नावाचा फोल्डर असायचा, वर बॅगेचं चित्र. आता तो नसतोच म्हणे. “बरं झालं, पीडा गेली,” असं मी म्हटलं खरं, पण भडभडून आलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सिरसाळ्यात माझं टायपिंगचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आप्पा, माझे वडील, कॉम्प्युटरसमोर येऊन बसायचे. जन्मभर कापडदुकान चालवलेला माणूस साठीनंतर दोन बोटांनी टाइप करायला शिकला. मी जवळ गेले की स्क्रीनवर हात आडवा धरायचे. “झाल्यावर वाच.”

“पोथी लिहिताव का काय?” मी खिजवायची.

आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते. तिचा फोटो नव्हता, आणि तिचं विचारलं की आप्पा चपला घालून बाहेर निघून जायचे.

एकदा कॉम्प्युटरात व्हायरस शिरला. परळीचा मेकॅनिक म्हणाला, “सगळं पुसावं लागतंय. तुमचं काय हाय ते काढून घ्या.” दारात नवरीचा बाप पत्रिकांसाठी खोळंबलेला, माझं डोकं फिरलेलं. ‘माय डॉक्युमेंट्स’ तेवढं फ्लॉप्यांवर घेतलं आणि म्हटलं, पुसा. त्या बॅगेत कोणी काही ठेवतं हे माझ्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी बॅग उघडली. रिकामी.

“तिथं कशाला ठेवलंत? माझ्या फोल्डरात ठेवायला काय झालतं?” चूक माझी, आणि डाफरले त्यांच्यावर.

“तिकडं गिऱ्हाइकांचे कागद. दुकानाच्या मालात घरचं कशापायी ठेवू?” आप्पा म्हणाले. कापडदुकानातही त्यांचा डबा, चष्मा कधी फळीवर नसायचा; खुंटीच्या पिशवीत असायचा. “तुझ्या आईचं व्हतं समदं. तोंडानं सांगणं जमलं न्हाई मला.”

मी रडले, पाया पडले. पुन्हा लिहा म्हटलं. चार दुपारी बसले बिचारे. मग म्हणाले, “एकदा लिवलं आन् उतरलं डोक्यातनं. आता येईना, बाई.”

पुढच्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. एकदा मी उशाशी बसून विचारलं, “आप्पा, एवढंच सांगा. आई मला काय म्हणून हाक मारायची?”

त्यांनी नजर आढ्याकडं वळवली.

“लिवलतं की मी ते,” म्हणाले.