गोळ्या तोलणारे भाऊ

चार महिन्यांत गोळ्या सोडणारा माणूस, अशी आमच्या रविवारच्या मंडळींत माझी ओळख आहे. ती खोटी आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आज सांगतो आहे ते भाऊंसाठी.

"श्वास रोक गा, काटा हलून राहिला." भाऊ म्हटलं की हे वाक्य आधी आठवतं. एका डोळ्याला भिंग, चिमट्यात गोळीचा कण, आणि डावा पंजा आमच्याकडे वर केलेला. त्यांच्या काट्याच्या पेटीची एक काच फुटलेली होती. जोरात उसासा टाकला तरी आकडा बदलायचा. त्यामुळे दर रविवारी त्यांच्या खोलीवर जमणारी आम्ही सात-आठ मोठी माणसं शाळेतल्या मुलांसारखी गाल फुगवून बसायचो. कुणाला तरी हसू फुटायचं आणि सगळं पुन्हा तोलावं लागायचं.

इतवारीत सराफ्यामागच्या गल्लीतून गेला असाल, तर असे वाकून बसलेले कारागीर तुम्हीही पाहिले असतील. भाऊंनी तिथे चाळीस वर्षं दागिने घडवले. मान वाकवून मणके झिजले. दुखण्यासाठी एक गोळी आली, झोपेसाठी दुसरी, आणि दोघी मुक्कामालाच राहिल्या. माझंही तसंच. बुटीबोरीच्या सूतगिरणीत मी शिडीवरून पडलो. कंबरेच्या ऑपरेशननंतर तीन आठवड्यांसाठी लिहून दिलेल्या झोपेच्या गोळ्या मी सहा वर्षं खात होतो. दारू नाही, गांजा नाही, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध. आपल्याला व्यसन लागलंय हे कोण कबूल करणार?

डॉक्टरांनी बजावलं होतं की झोपेची गोळी एकदम सोडली तर झटके येतात, दर पंधरवड्याला थोडी थोडी कमी करा. पण एवढ्याशा गोळीचा दहावा भाग घरी कापायचा कसा? त्यावर भाऊंनी आपल्या धंद्यातला उपाय काढला. बारीक कानशीने गोळी घासायची, काट्यावर तोलायची, आणि खडे ठेवतात तशा कागदी पुड्या बांधायच्या, आठवड्याच्या सात. ज्या गोळ्या फोडायच्या नसतात त्या डॉक्टर आधीच बदलून देत. भाऊ स्वतः दुखण्याची गोळी सोडून बसले होते. झोपेची मात्र शेवटच्या चिमटीवर दोन वर्षं अडली होती.

खाली पडलेली पूड ते ओल्या फडक्याने टिपून घेत. "जिंदगीभर कानशीची सोन्याची धूळ जपली," ते म्हणत, "फेकून द्याची धूळ पहिल्यांदाच पाहून राहिलो." आतून काकू, भाऊंची बायको, टोमणा मारत की या माणसाने सोन्याचा कण कधी घरी आणला नाही, आता लोकांचं इख-जहर आणून राहिला. आणि वर सगळ्यांना चहा देत.

भाऊंनी कुणालाही "किती कमी केली?" असं विचारलेलं मी ऐकलं नाही. ते विचारत, "झोप कशी आली?" कुणाचा जीव घाबरा झाला तर सायकल काढून त्याच्या घरी जात आणि दुपारभर बसून राहत. बोलायचं असेल तर बोल, नाही तर नको बोलू, मी आहे, एवढंच. एका निवृत्त मास्तरणीकडे त्यांनी अशा बसल्या बसल्या दोन किलो वाटाणे सोलून दिले होते.

अशा माणसाला मी फसवलं.

मी त्यांच्या हातची पुडी खात असे, आणि बुटीबोरीला ओळखीच्या मेडिकलमधून घेतलेली अख्खी गोळी वरून खात असे. पहिल्यांदा भीतीने केलं. मग गोडी लागली ती कौतुकाची. पुडी कितीही लहान झाली तरी मला काय फरक पडणार होता? डॉक्टरांनी लवकर उतरवायला सांगितलंय, अशी मी थाप मारली. चौथ्या महिन्यात भाऊंनी मला रिकामी पुडी बांधून दिली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मीही मान खाली घालून हसलो.

त्याच दिवशी निघताना भाऊ जिन्यात म्हणाले, "तू माह्या मांगून आला अन् पुढं निघून गेला. माह्यातच दम नाही, दुसरं काय." मी म्हणालो, तसं नाही भाऊ. पण कसं आहे ते सांगितलं नाही.

त्यांनी डॉक्टरांना न विचारता ती शेवटची चिमटी एकदम सोडली. दुसऱ्या रविवारी सकाळी, मास्तरणीची पुडी तोलताना त्यांचा हात थांबला, आणि ते काट्यासकट आडवे झाले. अंग झटके देत होतं. उजवं मनगट अंगाखाली सापडून मोडलं. त्यांचं डोकं मी मांडीवर धरून बसलो होतो. ऑटोत काकूंनी मला विचारलं, "तुमाले सोडतानी असं नाही झालं ना?"

"नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांनी पुन्हा गोळी सुरू केली, आधीपेक्षा जास्त. पुढच्या रविवारी गळ्यात प्लास्टरचा हात अडकवून भाऊ आमच्यासमोर बसले आणि त्यांनी सांगितलं की आपण पुन्हा जास्त मापावर चढलो आहोत, मूर्खासारखी घाई केली, बह्याडपणा आपलाच. आवाजात लाज नव्हती. मग तोलायचं कुणी, तर मी. माझा हात स्थिर होता. का स्थिर होता ते मलाच माहीत होतं.

त्यांच्या शेजारी बसून मी बाकीच्यांच्या पुड्या बांधू लागलो, आणि एका नव्या डॉक्टरकडे जाऊन खऱ्या मापाने आपलीही कमी करू लागलो. घाम फुटायचा, पाय तडफडायचे. सुटलेला माणूस म्हणून मी तिथे बसत असे, आणि दुसऱ्यांना दिलेला धीर चोरून घरी नेत असे. एकदा माझा हात थरथरताना पाहून भाऊंना वाटलं, मी त्यांच्या पडण्याचा धसका घेतलाय. त्यांनी डाव्या हाताने माझी पाठ थोपटली. मला सुटायला बावीस महिने लागले. त्याच सुमारास भाऊही उतरले, डॉक्टरांच्या मापाने, एकही रविवार न चुकवता.

आता डोळ्यांनी साथ सोडली म्हणून ते खाप्याला लेकीकडे राहतात. त्यांच्या खोलीत दुसरं कुणी राहतं. आम्ही मास्तरणीकडे जमतो.

परवा त्यांचा फोन आला. खाप्यात शेजारची एक बाई नऊ वर्षांच्या गोळ्या सोडणार आहे, येत्या रविवारपासून. भाऊ खुशीत होते. "तिले तुहं सांगतलं. म्हटलं, आमचा एक गडी चार महिन्यात उतरला, तू काहून भेतं?"

मी म्हणालो, माझं उदाहरण देऊ नका, डॉक्टर म्हणतील तसंच करू द्या.

"लाजून राहिला," ते म्हणाले, आणि हसत फोन ठेवला.

रविवारच्या आत खाप्याला जाऊन, त्या बाईला शेजारी बसवून, भाऊंना सांगायचं आहे की चार महिने नव्हतेच, बावीस होते. त्यांच्यात दम कमी नव्हता. त्यांना झटका आला तो माझ्या खोट्यामुळे. एवढं मी त्यांचं देणं लागतो.