मितेशचा राक्षस आणि गिळायचा नियम

खारबावच्या भाऊ पाटलांच्या घरात एकदा नवरा-बायकोचं भांडण झालं. ते ऐकायला शेजारणींना भिंतीला कानसुद्धा लावावा लागला नाही, एवढा आवाज. भाऊ म्हणजे गावकीचे पंच. ज्याची तक्रार त्यानं त्यांच्यापुढं सुपारी ठेवायची, दोघांनी आपापली बाजू सांगायची, भाऊ डोळे मिटून बसायचे, आणि डोळे उघडून जे बोलायचे ते शेवटचं. त्या वेळी त्यांनी कुणाच्या तरी बैलानं पेंढा खाल्ला असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी कळलं, बैल भलताच होता.

"जा, सांगा त्या बैलवाल्याला, माजं चुकलं म्हून," भाऊंची बायको आक्का म्हणाली.

"पंच फिरला तर उद्या सुपारी कोन ठेवंल?"

"सुपारीचंच हाय तर दुकानातून आना पावशेर!"

भाऊ गेले नाहीत. त्यांचा मितेश तेव्हा दहावीला आपटून घरीच बसला होता. त्यानं हे सगळं ऐकलं, आणि आईचं पटायच्या जागी त्याला बापाचं पटलं. अक्कल वाटत होते तेव्हा हा बहुतेक झोपला होता.

पुढं भाऊ वारले. शेतावर गोडाऊनं उभी राहिली. गावकी आता जत्रेचा मंडप कुठं घालायचा एवढंच ठरवते, आणि त्यातही मितेशला कोणी विचारत नाही. तो काल्हेरला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. कुठलं खोकं कुठं जायचं ते तिथं हातातलं मशीनच सांगतं. मितेशनं नुसतं मशीनच्या शेजारी उभं राहायचं. घरात काय शिजायचं ते आक्का ठरवते, बाकीचं पूर्वी नावाची त्याची बायको. अडतीस वर्षांचा बाप्या, पण त्यानं हो म्हटलं म्हणून घरात पंखासुद्धा फिरला नाही.

अशा माणसाला तो खेळ सापडला. त्यात प्रत्येकानं एक वीर मनात आणायचा, त्याची ताकद कागदावर लिहायची आणि वीस बाजूंचा फासा टाकून राक्षसांशी लढायचं. राक्षस सगळे मितेशचे. त्यांनी कधी, कसं, किती मारायचं ते एका जाड इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं, आणि त्याचा अर्थ लावणार मितेश. दर रविवारी दुपारी वरच्या मजल्यावर हा दरबार भरायचा. दरबारात माणसं दोन. एक त्याची मावसबहीण दिपाली, काल्हेरच्या दवाखान्यात नर्स. दुसरा राकेश, अकलोलीकडच्या डोंगरपाड्यातला, त्याच गोडाऊनमध्ये माल चढवणारा. कुणाला नियम पटला नाही तर त्यानं मितेशपुढं सुपारी ठेवायची. हे मात्र पुस्तकात नव्हतं.

दिपालीच्या वीराचं नाव सरू. तीन वर्षं खेळून तिनं सरूला मोठी केली होती. आणि ती आधीच सांगून बसली होती, "दादा, सरू मेली की मी पन घरी. रोज खरी मानसं मरताना बघते मी, परत पयल्यापासून न्हाय जमायचं." मितेशला हे पक्कं ठाऊक होतं. दिपाली गेली की खेळ गेला. दोघांत कसला दरबार?

त्या रविवारी दलदलीतला अजगर निघाला. त्यानं सरूचा चावा घेतला, फासा बरोबर पडला, सरू जबड्यात अडकली.

"आता माझ्या पाळीला तो गिळनार," मितेश म्हणाला.

"असा कसा? परत फासा टाक. लागला तर गिळ."

"चावा लागलाय एकदा. आता सरळ पोटात."

राकेश हळूच म्हणाला, "शेठ, आमच्याकडं साप बेडूक धरतो ना, तो बेडूक पन सुटतो कदी कदी."

"हा पुस्तकातला साप हाय, तुज्या डोंगरातला न्हाय."

दिपालीनं सुपारी आपटली. मितेशनं पुस्तकाच्या उघड्या पानावर पंजा ठेवला आणि डोळे मिटले. डोळे मिटून कोणी वाचतं का? पण बापाला तसंच बघितलेलं. मग डोळे उघडून म्हणाला, "गिळली. पोटात एका पाळीत खेळ खलास."

मेलेल्याचा कागद फाडायचा, हाही त्याचाच कायदा. दिपालीनं स्वतः फाडला, चार तुकडे केले, पर्स उचलली आणि जिना उतरली. खाली आक्कानं चहा विचारला, त्यालाही ती थांबली नाही.

राकेशनं पुस्तक ओढून घेतलं. दिवसभर खोक्यांवरची इंग्रजी वाचणारा माणूस तो. बोट फिरवत फिरवत अजगराच्या चित्राखाली थांबला.

"शेठ, हितं लिवलंय. दुसरा चावा लागला तरच गिळायचं. ताई बरोबर बोलत होती."

मितेशनं वाचलं. पुन्हा वाचलं. दोन्ही वेळेला तेच लिहिलेलं.

"मग तवाच बोलायचं होतं."

"तवा ती ओळ तुमच्या पंजाखाली होती."

मितेशनं पुस्तक मिटलं.

"फोन लावा की ताईला. कागद काय, नवीन लिवू."

"एकदा बोललो ते बोललो."

"मंग माजं पन ऱ्हाऊ द्या," म्हणत राकेशनं आपला कागद घडी करून खिशात घातला. फाडला नाही, त्याचा वीर अजून जिवंत होता. चपला घालून तो स्टेशनकडं चालू लागला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आता मितेश आणि त्याचा अजगर, दोघंच. अजगर तरी पोटभर जेवलेला.

खालून आक्कानं हाक मारली, "मितेश, डबा भरलाय रं!" दर रविवारी खेळ आटपला की धाकट्या बहिणीकडं ती सुक्या जवळ्याच्या चटणीचा डबा पाठवायची, आणि तो पोचवायचं काम मितेशचं. ही धाकटी बहीण म्हणजेच दिपालीची आई. नाही म्हणायची त्याची आक्कापुढं प्राज्ञा नव्हती.

काल्हेरला तिसऱ्या मजल्यावर दार दिपालीनंच उघडलं.

"डबा," मितेश म्हणाला.

तिनं घेतला, आतून मागच्या रविवारचा घासलेला आणून दिला. आणि दार लावलं नाही, उभी राहिली. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्याच्या दातांपर्यंत आलेलंही तिला दिसलं असावं.

"बोल दादा."

"मावशीचा गुडघा कसा हाय?"

"हाय तिथंच हाय," दिपाली म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मितेश खाली आला. रिकामा डबा स्कूटरच्या हुकाला अडकवला, झाकण घट्ट आहे का ते दोनदा दाबून बघितलं, आणि नेहमीच्या रस्त्यानं घरी निघाला.